सायकल-अंतरमापन

सायकलीने कापलेले अंतर मोजण्याच्या पद्धती व उपकरणे यांना ही संज्ञा लावतात. हे मापन मुख्यतः दोन तत्त्वांवर केले जाते : चाकाच्या फेऱ्या मोजून त्यांना परिघाने गुणणे, अथवा कृत्रिम उपग्रहांच्या साहाय्याने सायकलीची स्थाने ठरवून त्यांमधील अंतरांची बेरीज करणे. एकाच सायकलीवर दोन्ही साधने बसविली, तर त्यांचे आकडे क्वचितच जुळतात. अशा वेळी उपग्रहाचा आकडा खरा मानण्याकडे सर्वसाधारण कल असतो. परंतु केवळ अंतराचाच विचार केला, तर नीट प्रमाणित केलेले चाक अधिक विश्वसनीय ठरते. याचे कारण दोन्ही पद्धतींतील त्रुटींच्या स्वरूपात आहे.

चाकाने अंतर मोजण्याची कल्पना प्राचीन आहे. रोमन वास्तुविद व्हिट्रुव्हिअस (इ. स. पू. पहिले शतक) याने वर्णिलेल्या गाडीत चाकाच्या ४०० फेऱ्या झाल्या की एक खडा भांड्यात पडे व खड्यांच्या संख्येवरून मैल कळत. सायकलीसाठी अमेरिकन संशोधक कर्टिस व्हीडर यांनी १८९५ च्या सुमारास लहानसा यांत्रिक फेरीमापक प्रचारात आणला. आधुनिक सायकल-संगणकात आऱ्यावर बसविलेला चुंबक दर फेरीस चिमट्यावरील संवेदकासमोरून जातो आणि विद्युत् स्पंद निर्माण करतो; काही संवेदक चाकाच्या तुंब्यावरच बसवितात व त्यांना चुंबक लागत नाही.

फेऱ्यांची मोजणी सहसा चुकत नाही. चूक होते ती परिघाच्या आकड्यात. उदा., ७०० × २५ या मापाच्या टायरसाठी कोष्टकात सु. २,१०५ मिमी. परिघ दिलेला असतो. पण स्वाराचे वजन, हवेचा दाब व टायरची झीज यांनुसार प्रत्यक्ष मूल्य बदलते. त्यात १५ मिमी.चा फरक असल्यास १०० किमी.मागे सु. ७०० मी. चूक येते. म्हणून स्वाराने सायकलीवर बसून, हवा नेहमीच्या दाबाची ठेवून, सरळ रेषेत चाकाच्या दहा फेऱ्या कराव्यात आणि ट्यूबची झडप पहिल्याने व शेवटी तळाशी असतानाच्या खुणांमधील अंतर टेपने मोजून दहाने भागावे. मग १ मिमी.ची चूक राहिली, तरी १०० किमी.मागे फरक ५० मी.पेक्षा कमीच पडतो. ही त्रुटी नियत स्वरूपाची आहे. ती सर्व अंतराला एकाच प्रमाणात लागते आणि एकदा कळली की गुणकाने दूर करता येते.

उपग्रह-मापन : अमेरिकेच्या जीपीएस प्रणालीचा पहिला उपग्रह १९७८ मध्ये सोडण्यात आला. नागरी वापराच्या संदेशांत मुद्दाम मिसळलेली अचूकतेतील घट २ मे २००० रोजी काढून टाकल्यावर ही प्रणाली सायकलस्वाराच्या उपयोगाची झाली. मोकळ्या आकाशाखाली साध्या ग्राहीचे स्थान काही मीटरांपर्यंत बरोबर येते. उंच इमारतींवरून होणारे परावर्तन व दाट झाडी यांमुळे चूक वाढते. बोगद्यात संदेशच मिळत नाहीत. १५७५·४२ व ११७६·४५ मेगॅहर्ट्‌झ अशा दोन कंप्रतांवरील संदेश घेणाऱ्या ग्राहींत ती बरीच कमी होते.

स्थान चांगले कळले म्हणजे अंतर चांगले कळले, असे मात्र नाही. सायकल भिंतीला टेकवून ठेवली, तरी ग्राहीने दाखविलेले स्थान थोडेथोडे भटकत राहते; हे भटकणे अंतरात मिळविले, तर उभी सायकलही चालत असल्याचे दिसेल. चालत्या सायकलीच्या बाबतीतही स्थानांच्या यादृच्छिक त्रुटींमुळे बेरीज सरासरीने खऱ्या अंतरापेक्षा जास्त येते, हे २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका गणिती विश्लेषणात दाखवून देण्यात आले. उलटपक्षी वळणांवर कंसाऐवजी जीवा मोजली जाते. घाटातील १५ मी. त्रिज्येच्या वळणावर ताशी १८ किमी. वेगाने जाताना दर तीन सेकंदांनी नोंद केली, तर १५ मी. कंसाच्या जागी १४·४ मी. जीवा धरली जाते. म्हणजे वळणापुरती ४ टक्के तूट येते. शिवाय केवळ क्षैतिज अंतर धरणारे उपकरण १० टक्के चढावर सु. ०·५ टक्का कमी दाखविते. या परस्परविरोधी त्रुटी एकमेकींना छेदून आकडा बरोबर आला, तर तो योगायोगच होय. दुसऱ्या रस्त्यावर तोच गुणक लागू पडत नाही.

चाकाचा संवेदक जोडलेला असल्यास पुष्कळ संगणक अंतरासाठी तो व मार्गाच्या नोंदीसाठी उपग्रह वापरतात. ही विभागणी योग्य आहे. काही संगणक उपग्रहाच्या आधारे परिघ आपोआप ठरवितात. ही सोय लांब, सरळ व मोकळ्या रस्त्यावरच वापरावी, नाहीतर उपग्रहाची चूक चाकाच्या माथी बसते.

शर्यतमार्गांचे मापन : मॅरेथॉनसारख्या शर्यतींचे मार्ग आजही प्रमाणित सायकलीनेच मोजतात. ही पद्धत ब्रिटनमध्ये जॉन ज्यूएल यांनी १९६१ मध्ये मांडली. अमेरिकेत ॲलन जोन्स व त्यांचा मुलगा क्लेन यांनी १९७१ मध्ये पुढच्या चाकाच्या आसाजवळ बसणारा दंतचक्री गणक तयार केला. अशा गणकाच्या प्रचलित प्रकारात चाकाच्या एका फेरीत सु. २४ अंक सरकतात, म्हणजे एक अंक सु. ९ सेंमी. अंतर दर्शवितो. पोलादी टेपने आखलेल्या, किमान ३०० मी. लांबीच्या सरळ पट्ट्यावर मापनापूर्वी चार व नंतर चार वेळा सायकल चालवून अंक पडताळतात. कारण उन्हाने टायर तापले की परिघ वाढतो आणि सकाळचा गुणक दुपारी खरा राहत नाही. वळणांवर कडेपासून ३० सेंमी. अंतर ठेवून धावपटूस शक्य असलेला सर्वांत जवळचा मार्ग मोजतात.

एवढी काटेकोरता अनाठायी नाही. १९८१ च्या न्यूयॉर्क मॅरेथॉनमध्ये आल्बेर्तो सालाझार यांनी २ तास ८ मि. १३ से. असा जागतिक उच्चांक नोंदविला. पुढे फेरमोजणीत मार्ग सु. १५० मी.ने अपुरा आढळला आणि तो उच्चांक गेला. मार्ग कमी पडू नये म्हणून मोजलेल्या अंतरात दर किमी.मागे १ मी. जादा धरतात, मॅरेथॉनच्या ४२·१९५ किमी.त ही भर सु. ४२ मी. होते. धावपटूच्या मनगटावरील उपग्रह-घड्याळ याहूनही बरेच जास्त अंतर दाखविते, आणि त्यावरून मार्ग चुकीचा मोजल्याची तक्रार केली जाते. परंतु त्यात घड्याळाच्या त्रुटीबरोबरच, जवळची वाट सोडून धावल्याने खरोखर वाढलेले अंतरही असते.