आमच्या दादीसा
लग्नानंतर मारवाडातून भैंशास आलेल्या आमच्या दादीसा पुन्हा तिकडे राहावयास गेल्या नाहीत. निजामी अमलातील सात हाली रुपयांस सहा कलदार हा हिशेब त्यांस तोंडपाठ. कापसाच्या मोसमात मुनीमही त्यांस विचारीत. पाणी गाळून जिवाणी त्याच विहिरीत सोडण्याचा नेम मात्र त्यांनी सुनांवरही सोपविला नाही. १९५६ साली मुधोळ तालुका नांदेडातून आदिलाबादेत गेला, तेव्हा मुलांनी नांदेडास बिऱ्हाड हलविण्याचा आग्रह धरिला. “एकदा देश सोडला, तेवढे पुरे,” इतकेच त्या म्हणाल्या. (देश म्हणजे मारवाड, हे आपल्या वाचकांस सांगावयास नको.) पेढी भैंशातच राहिली. २०१६ साली गाव निर्मळ जिल्ह्यात आले, ते पाहावयास त्या नव्हत्या. तेलुगू मात्र त्या साठीनंतर शिकल्या, भाजीवालीकडून.