मंदाक्रांता आणि मंडळी

मराठीच्या प्राध्यापकाने दिवाळी अंकात कोंबड्यांवर लिहायचे ठरवले आहे, हे ऐकून आमच्या एका सहकाऱ्यांनी चष्मा कपाळावर चढवला आणि माझ्याकडे अशा काही नजरेने पाहिले की, जणू मी ज्ञानेश्वरीचा तास सोडून बाजारात भाजी विकायला बसलो आहे. पण वाचकहो, माझा नाइलाज आहे. संतवाङ्मय मी शिकवले, पण माणसाच्या स्वभावाचे चार धडे मी शिकलो ते नवापूरच्या भाड्याच्या घरामागच्या परसात, सहा कोंबड्या आणि एक कोंबडा यांच्या पायाशी बसून.

नवापूर हे नंदुरबार जिल्ह्यातले अगदी टोकाचे गाव. शेजारून रंगावली नदी वाहते, आणि पुढे लगेच गुजरात सुरू होतो. इथल्या रेल्वे स्टेशनाची गंमत बऱ्याच जणांना ठाऊक असेल. निम्मे स्टेशन महाराष्ट्रात आणि निम्मे गुजरातेत! तिकीट काढायचे महाराष्ट्रात, आणि गाडीची चौकशी करायला स्टेशनमास्तरांकडे जायचे ते गुजरातेत. एम.ए. होऊन दोनेक वर्षे झाली असतील, तेव्हा २००४ साली त्या भागातल्या एका महाविद्यालयात मी रुजू झालो. नवे लग्न, नवे गाव, आणि घरामागे आयते मोकळे परस.

कोंबड्यांची कल्पना माझी नव्हे. शेजारी एक मावची समाजाच्या मावशी राहत. मुलगा डाळीच्या गिरणीत कामाला, सून शेतमजुरीला, आणि नातवंडे व कोंबड्या मावशींच्या ओटीत. पहिल्याच पावसाळ्यात त्यांनी आमच्या सौ.च्या हाती एक करडी तलंग आणून दिली. "बाई, मागे एवढी जागा रिकामी का ठेवता?" म्हणाल्या. तलंग म्हणजे अंड्यावर न आलेली तरणी कोंबडी, हेही मला त्या दिवशी कळले. शब्दकोशातला शब्द आणि परसातला शब्द यांत केवढे अंतर असते!

एकटी कोंबडी झुरते, म्हणून आठवड्याच्या बाजारातून आणखी पाच आणल्या, आणि त्यांच्या सोबतीला एक कोंबडा. आता नावे काय ठेवायची? मी पडलो मराठीचा. त्या वर्षी प्रथम वर्षाला वृत्ते शिकवत होतो. करडी तलंग एकेक पाऊल विचार करून टाकी, ती मंदाक्रांता. गळ्याभोवती पिवळ्या पिसांची माळ होती, ती मालिनी. वजनाने भारी ती पृथ्वी. मान लांबवून वळणे घेत पळे, ती भुजंगप्रयात. सर्वांच्या पुढे चाले ती दिंडी. आणि अंडे घातले रे घातले की सारी आळी डोक्यावर घेई, ती ओवी. कोंबड्याचे पाळण्यातले नाव शार्दूलविक्रीडित. पण दाणे टाकताना एवढे नाव पुरे होईपर्यंत दाणे संपत, म्हणून नुसताच शार्दूल.

तुमच्यापैकी कोणाच्या बंगल्यामागे चार हात जागा असेल, त्यांच्यासाठी थोडी उपयोगाची माहिती सांगतो. खुराडे जमिनीपासून हातभर उंच असावे, म्हणजे ओल लागत नाही आणि मुंगसाला सहजी शिरता येत नाही. आत बसायला आडवी काठी हवी. कोंबडी रात्री उंचावर बसल्याशिवाय निर्धास्त झोपत नाही. अंड्यांसाठी अंधाऱ्या कोपऱ्यात भुशाची एक पेटी चार-पाच कोंबड्यांना पुरते. प्रत्येकीला दिवसाकाठी शंभर ते सव्वाशे ग्रॅम खाणे लागते. आम्ही तांदळाची कणी, ज्वारी आणि गिरणीतली तुरीची चुणी देत असू. नवापूरची तूरडाळ नावाजलेली, तेव्हा चुणीला तोटा नव्हता. कवच घट्ट व्हावे म्हणून शिंपल्यांचा चुरा वेगळ्या वाटीत ठेवावा. कोपऱ्यात राख-मातीचा खड्डा असू द्यावा. त्यात लोळून कोंबड्या आपल्या पिसवा आपणच झाडतात.

गावठी कोंबडीकडून मात्र फार अपेक्षा ठेवू नये. इटलीतल्या बंदरावरून नाव मिळालेली पांढरी लेगहॉर्न वर्षाला तीनशेच्या आसपास अंडी देते. आमच्या गावठीची मजल साठ-सत्तरच्या पुढे क्वचितच जाते. दहा-पंधरा अंडी झाली की बाईसाहेब खुडूक होतात, म्हणजे पिसे फुलवून बसून राहतात आणि जवळ जाणाऱ्याला टोचतात. पण गावठीचा मोठेपणा याच हट्टात आहे. लेगहॉर्न अंडी देते आणि विसरते. गावठी एकवीस दिवस बसून पिल्ले काढते, आणि घारीची सावली दिसली तरी त्यांना पंखाखाली घेते.

तिथल्या पावसाने कोंबड्यांची परीक्षाच घेतली. ओल्या भुशावर पिल्लांना रक्ती हगवण लागते, म्हणून भुसा रोज हलवायचा. राणीखेत रोगाची लस चुकवायची नाही. खेड्यातले लोक या रोगाला मानमोडी म्हणतात. कोंबडीची मान वाकडी होते, आणि चार दिवसांत खुराडे रिकामे होते.

दिवाळीत पुण्याहून आई आली. घरात अंडे शिजणार नाही, हे तिने उंबऱ्यातच जाहीर केले. आम्हीही मान डोलावली. अंडी शेजारी जात. पण आठ दिवसांनी पाहतो तो संध्याकाळी आई परसदारी उभी, आणि बोटांवर मोजते आहे: "अरे, सहाच झाल्या! ती हळू चालणारी कुठे राहिली?" मंदाक्रांता नेहमीप्रमाणे शेवटी येई. ती आत गेल्यावर दार लावायचे काम मग आईने कोणाला करूच दिले नाही.

कोंबड्यांतही मानपान असतो, तो आईनेच प्रथम ओळखला. पृथ्वीने दिंडीला टोचायचे, दिंडीने मालिनीला, आणि सर्वांनी भुजंगप्रयातला. १९२०च्या सुमारास शेल्देरूप-एब्बे नावाच्या एका नॉर्वेजियन संशोधकाने कोंबड्यांतली ही उतरंड शास्त्रीय रीतीने मांडली. आई म्हणाली, "त्यात शोध कसला? आमच्या वाड्यात हेच चालायचे!"

असे दीड वर्ष सुखाचे गेले, आणि २००६ सालचा फेब्रुवारी उजाडला.

नवापूरच्या आसपास तेव्हा अंड्यांच्या मोठमोठ्या पोल्ट्री होत्या. त्यांतल्या कोंबड्या पटापट मरू लागल्या. आधी सर्वांना मानमोडीच वाटली. पण नमुने भोपाळच्या प्रयोगशाळेत गेले, आणि १८ फेब्रुवारीला बातमी फुटली: बर्ड फ्लू! देशातल्या पाळीव कोंबड्यांत हा रोग प्रथमच सापडला होता, आणि तो आमच्या गावात. ज्या गावाचे नाव सांगितल्यावर पुण्याचे नातेवाईक "ते कुठे आले?" म्हणून विचारत, ते गाव एका रात्रीत जगाच्या वर्तमानपत्रांत गेले.

हा विषाणू कोंबड्यांत वणव्यासारखा पसरतो, आणि क्वचित माणसालाही धरतो. धरला तर जिवावर बेतते. औषध देऊन कोंबड्यांचा कळप बरा करता येत नाही. म्हणून बाधित ठिकाणाभोवतालच्या तीन किलोमीटरांतल्या सगळ्या कोंबड्या, आजारी असोत वा ठणठणीत, मारून पुरायच्या असे ठरले. पांढरे पोशाख, तोंडाला मुखवटे, डोळ्यांना चष्मे अशी माणसे पोल्ट्र्यांतून आणि मग घरोघर हिंडू लागली. लाखो कोंबड्या खड्ड्यांत गेल्या.

आमच्या घरी पथक सकाळी आले. सौ. आत जाऊन बसली. मी खुराड्याचे दार उघडले. मंदाक्रांता सवयीप्रमाणे सर्वांत शेवटी, एकेक पाऊल टाकत बाहेर आली. यापुढचे लिहीत नाही.

पथकातल्या तरुण डॉक्टरांनी नोंद केली आणि मला विचारले, "सर, शेजारी कोणाकडे राहिली आहे का हो? लोक लपवतात. एक राहिली तरी सगळे फुकट जाईल."

मला ठाऊक होते. मावशींच्या चार कोंबड्या पहाटेच नेल्या होत्या. पण पाचवी, खुडूक झालेली तांबडी, घरात कणगीमागे डालग्याखाली बसली होती. तिच्याखाली अकरा अंडी होती, आणि पिल्ले निघायला आठवडाच राहिला होता. आदल्या रात्री मावशींनी सौ.ला हे सांगितले होते. विश्वासाने सांगितले होते.

मी खोटे बोललो नाही, आणि खरेही बोललो नाही. मी नुसते मावशींच्या दाराकडे पाहिले. तेवढे पुरले.

मावशी ओरडल्या नाहीत, भांडल्या नाहीत. डालगे त्यांनी स्वतः उचलले. "ही आजारी नाही," एवढेच डॉक्टरांना म्हणाल्या. "खाते, पिते, बसते. हिला का?" डॉक्टरांनी समजुतीने सांगितले. भरपाईचा कागद दिला. भरपाई कोंबडीमागे ठरलेली होती. मावशींनी अंड्यांकडे बोट दाखवले आणि विचारले, "आणि हे अकरा?" त्याला उत्तर नव्हते. मग जाताना माझ्याकडे वळून म्हणाल्या, "सर, तुम्ही काही बोलले नाही. पण पाहिले."

त्यानंतर सहा महिने त्या आमच्याशी बोलल्या नाहीत.

मी मनाशी पुष्कळ वाद घातला. नियम बरोबर होता, यात मला तेव्हाही शंका नव्हती आणि आजही नाही. त्या वर्षी आपल्याकडे एकाही माणसाला हा रोग झाल्याचे निष्पन्न झाले नाही. अशा कठोर उपायांखेरीज काय झाले असते, कोणी सांगावे? पण आमच्या घरी कोंबड्या हा हौसेचा मामला होता. मावशींच्या घरी कोंबडी ही पासबुक नसलेली बँक होती. नातवाच्या वह्या, पाहुण्याचा पाहुणचार, आजारपणातली एस.टी.ची तिकिटे, देवाचा नवस, सारे त्या डालग्यातून निघे. माझे नुकसान झाले ते सात नावांचे. त्यांचे झाले ते वर्षभराच्या आधाराचे. आणि मी, चार पुस्तके शिकलेला शेजारी, आत जाऊन त्यांना आपल्या तोंडाने समजावून सांगायचे सोडून नजरेने चुगली करून मोकळा झालो. सांगितले असते तर त्यांनी ऐकले असते की नाही, कोण जाणे. पण सांगायला हवे होते. विषाणू कसा पसरतो, हे त्या गल्लीत कोणी कोणाला सोप्या शब्दांत सांगितलेच नव्हते. आणि सोप्या शब्दांत सांगणे हा तर माझा पोटापाण्याचा धंदा!

पावसाळ्यात रोग हटल्याचे सरकारने जाहीर केले. दसऱ्याच्या सुमारास मी बाजारातून चार तलंगा आणल्या. दोन आमच्या परसात सोडल्या, आणि दोन डालग्यात घालून मावशींच्या ओसरीवर नेल्या. काय बोलावे ते सुचेना. शेवटी म्हणालो, "मावशी, त्या दिवशी मी आधी तुमच्याकडे यायला हवे होते."

मावशींनी एक तलंग उचलली, तिच्या पोटाखाली हात घालून वजन अजमावले, डोळे पाहिले, पिसे उलटून पाहिली. मग म्हणाल्या, "बाजारात फसवले तुम्हाला, सर. ही दोन महिने तरी अंडे देत नाही." आणि आतून सुनेला हाक मारली, "सरांना चहा टाक."

पुढे आम्ही नंदुरबारला आलो. परस लहान झाले, पण खुराडे सुटले नाही. फेब्रुवारी २०२१मध्ये नवापुरात पुन्हा बर्ड फ्लू निघाला, पुन्हा लाखांच्या घरात कोंबड्या गेल्या. मी घाबरतच फोन केला. पलीकडून मावशींचा आवाज, थकलेला पण ठाम: "सर, या वेळी मीच सांगितले. दोन कोंबड्या अचानक मेल्या, तर हात नाही लावला, दवाखान्यात पोराला पाठवले. बाकीच्या नेल्या. गल्लीतल्या बायांनाही मीच सांगितले, लपवू नका."

"आणि डालगे?" मी विचारले.

"ते ठेवले आहे. धुऊन, उन्हात वाळवून."

मेलेल्या पक्ष्याला उघड्या हाताने शिवू नये. एकाएकी दोन-तीन कोंबड्या दगावल्या तर झाकून न ठेवता जनावरांच्या दवाखान्यात कळवावे. अंडे पुरते उकडून खावे. नियम म्हणाल तर एवढेच आहेत. ते मी पुस्तकातून वाचले. त्यांची किंमत मावशींनी दोनदा मोजली.

आज आमच्याकडे पाच कोंबड्या आहेत. त्यांतली एक करडी आहे, आणि संध्याकाळी सर्वांत शेवटी आत येते. तिचे नाव काय ठेवायचे, यावर घरात चर्चा झाली नाही. आई आता ऐंशीच्या पुढे गेली आहे, तिला संध्याकाळी नीट दिसत नाही. तरी परसदारी खुर्ची टाकून ती मोजते, आणि चार झाल्या की दाराची कडी हातात धरून थांबून राहते.