घागर घुमते तशी पेटी घुमते

आश्विन शुद्ध अष्टमीला विलेपार्ल्यात एखाद्या कोकणस्थ घरी महालक्ष्मीच्या पूजेला तुम्ही गेला असाल, तर स्त्रियांना घागरी फुंकताना पाहिले असेल. घागरीच्या काठावरून फुंकर गेली की आतून खोल, घुमणारा स्वर उमटतो. फुंकरीला तर स्वतःचा स्वर नसतो. मग तो आला कोठून? आणि बाहेर रस्त्यावरून जाणाऱ्या मोटारीच्या डिकीतला ‘धम् धम्’ या घागरीचाच भाऊबंद आहे, असे सांगितले तर पटेल का?

घागरीच्या गळ्यातली हवा म्हणजे एक लहानसा गोळा समजा. पोटातली हवा म्हणजे स्प्रिंग. गोळा आत ढकलला की स्प्रिंग दबते व त्याला बाहेर फेकते; तो जास्त बाहेर गेला की पोटातली हवा विरळ होऊन त्याला परत ओढते. या ये-जा करण्याची ठरावीक वारंवारता म्हणजेच घागरीचा स्वर. हेर्मान हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकात अशा पोकळ गोळ्यांच्या साहाय्याने स्वरांचे पृथक्करण केले, म्हणून त्यांना त्याचेच नाव मिळाले.

आता मोटारीकडे वळू. ध्वनिक्षेपकाचा पडदा पुढे जातो तेव्हा मागची हवा विरळ होते. म्हणजे मागचा आवाज पुढच्याच्या उलट. बंद पेटीत तो कोंडून वाया जातो. बेल प्रयोगशाळेतील आल्बर्ट थुरास यांना १९३२ साली ज्या युक्तीचे पेटंट मिळाले, तिच्यात पेटीला भोक पाडून नळी बसवली जाते. पेटी झाली पोट, नळी झाली गळा. ठरलेल्या वारंवारतेला नळीतली हवा जोराने डोलते आणि तिचा आवाज पुढच्या आवाजात मिसळतो. गंमत म्हणजे त्या क्षणी पडदा जवळजवळ स्वस्थ असतो. काम नळी करते!

ही नळी निवडायची कशी? नियम असा: वारंवारतेचा वर्ग नळीच्या छेदाच्या क्षेत्रफळाशी सम प्रमाणात, आणि नळीची लांबी व पेटीचे घनफळ यांच्याशी व्यस्त प्रमाणात असतो. पेटीत ४० लिटर हवा आहे व ३५ हर्ट्झ हवे आहेत असे धरा. १० सेंमी व्यासाची नळी घेतली तर लांबी येते सुमारे ४८ सेंमी. पण दोन्ही तोंडांबाहेरची थोडी हवाही सोबत डोलते. तिचे सुमारे ७ सेंमी वजा केले की नळी ४१ सेंमीची कापायची. (तिच्यात डोलणाऱ्या हवेचे वजन किती? जेमतेम साडेचार ग्रॅम!)

पेटीची आतली लांबी ५० सेंमी असेल, तर नळीपुढे ९ सेंमी जागा उरते. नळीच्या तोंडासमोर निदान तिच्या व्यासाइतकी जागा मोकळी हवी, नाहीतर श्वास कोंडतो. मग ७.५ सेंमी व्यासाची नळी घेऊ या का? तिला २२ सेंमी लांबी पुरते. बसतेही छान. परंतु तेवढीच हवा आता अरुंद वाटेने जाणार, म्हणजे वेग पावणेदोन पट. मोठ्या आवाजाला नळीच्या काठाशी भोवरे उठतात आणि ढोलाच्या ठोक्यात फुसफुस ऐकू येते. माझे मत विचाराल तर रुंद नळीच घ्या आणि तिला कोपऱ्याचा बेंड लावा. तोंडाचे काठ कर्ण्यासारखे गोल केले तर आणखी बरे. सुतार मंडळींना आवडणारी पट्टीसारखी चपटी वाटही चालते. मात्र फार चपटी केली तर कडांशी घर्षण वाढते.

मोटारीत आणखी एक गोष्ट घडते. ४० हर्ट्झच्या लहरीची लांबी साडेआठ मीटर, मोटारीच्या दुप्पट. इतकी लांब लहर आत मावत नाही; सगळ्या डब्यातली हवा एकदम दाबली व सोडली जाते. त्यामुळे खालचे स्वर आपोआप उचलले जातात. घरातल्या खोलीसाठी आखलेली पेटी म्हणूनच डिकीत उगाच दणदणते.

खरा धोका मात्र नळीच्या वारंवारतेच्या खाली असतो. तेथे नळीतली हवा नुसती आत-बाहेर करते, स्प्रिंगचा आधार सुटतो, पडदा मर्यादेबाहेर उड्या मारू लागतो आणि फाटतो. अशा पेटीसोबत अतिखालचे स्वर गाळणारी चाळणी ॲम्प्लिफायरमध्ये हवीच. ती नसेल तर बंद पेटी पत्करावी.

नळी चिकटवण्यापूर्वी थोडी लांबच ठेवा. कमी आवाजात २५ ते ५० हर्ट्झचे शुद्ध स्वर एकामागून एक वाजवा आणि पडदा निरखा. तो जेथे सर्वांत कमी हलेल, ती तुमच्या पेटीची वारंवारता. ४१ सेंमीच्या नळीतले पाच सेंमी कापले तर ३५ चे ३७ होतात. कापलेले परत जोडता येत नाही, तेव्हा एका वेळी सेंमीभरच कापा आणि पुन्हा ऐका.