चाकांवरची बाज

महाराष्ट्र सरकारने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले. पुढच्याच वर्षी समृद्धी महामार्ग वर्धा जिल्ह्यातून धावू लागला. जुना छोटा हत्ती घ्यावा, मागे बंद डबा बसवावा आणि कधी बोर धरणाकडे, कधी मेळघाटाकडे निघावे, असे बेत आता इथेही रंगतात. बेत ठरला की पहिली खरेदी होते ती जाडजूड फोमच्या गादीची. वर्ध्यात हा क्रम उलटा हवा: आधी वारा, मग रुंदी आणि सगळ्यात शेवटी गादी.

मे महिन्यात इथला पारा ४५ अंशांच्या वर जातो. दिवसभर तापलेला पत्रा रात्रीही आत धग सोडत राहतो आणि गरम हवा छताला साचते. खाली सामान व वर बिछाना अशी उंच रचना परदेशी चित्रफितींत छान दिसते. इथे मात्र ती झोपणाऱ्याला थेट त्या धगीत नेऊन ठेवते. म्हणून बिछाना खिडकीच्या कडेपेक्षा खाली असावा. समोरासमोर दोन जाळीच्या खिडक्या असाव्यात आणि छताला आतून उष्णतारोधक थर द्यावा.

बिछान्याखालूनही हवा खेळली पाहिजे. १८ मिलिमीटर जाडीच्या प्लायचा ८ बाय ४ फुटी तक्ता तीस किलोंच्या वर भरतो आणि खालची हवा पार अडवतो. हलक्या लोखंडी चौकटीवर ताणलेली नवार दोन्ही दोष टाळते. कच्छहून येऊन विदर्भात मेंढ्या चारणारे रबारी आपल्या बाजा उंटावर लादून फिरतात. जमिनीपासून उंच, विंचवाकाट्यापासून दूर आणि खालून वारा घेणारी झोपायची सोय त्यांनी केव्हाच चालती केली आहे. थंडीतही ही जाळीदार वीण उपयोगी पडते. श्वासातली वाफ गार पत्र्यावर आणि गादीच्या पोटाशी पाणी होऊन साचते. खाली सलग प्लाय असेल तर काही आठवड्यांत बुरशी धरते.

आता मोजमाप. छोट्या हत्तीचा, म्हणजे टाटा एस गोल्डचा हौदा २२०० बाय १४९० मिलिमीटरचा, म्हणजे सव्वासात फूट लांब आणि पाच फुटांना जरा कमी रुंद. आडवे झोपायचे तर बहुतेक मोठ्या माणसांचे पाय दुमडतात. लांबीच्या दिशेने सहा फुटांच्या दोन बाजा बसतात, पण भिंतींची जाडी वजा केली की प्रत्येकीला सव्वादोन फूटच उरतात. रेल्वेचा बर्थ साधारण तेवढाच असतो. मधे वाट हवी असेल तर एक बाज भिंतीला बिजागरीने उभी करता यावी.

गादीसाठी दूर जायला नको. हिंगणघाटची कापूस बाजारपेठ जिल्ह्यातच आहे. दोन-तीन इंची कापसाची गादी फोमपेक्षा कमी तापते आणि घाम टिपते. ती जड असते, तिच्यात गठ्ठे होतात, म्हणून तिला वारंवार ऊन द्यावे लागते आणि कधीतरी पिंजून घ्यावी लागते. तेवढे करायचे नसेल तर पातळ फोमवर सुती चादर पुरे.

विजेचा हिशोबही वाऱ्याच्याच बाजूने लागतो. १२ व्होल्ट, १०० अँपिअर-तासांच्या साध्या बॅटरीतून सुरक्षितपणे निम्मी, म्हणजे सुमारे ६०० वॉट-तास वीज घ्यावी. ३० वॉटचा पंखा आठ तास चालला तर २४० लागतात. एक टनाचा एसी सगळे ६०० वॉट-तास तासाभराच्या आतच संपवतो. छोटा कूलर उन्हाळ्याच्या कोरड्या हवेत उत्तम, पावसाळ्यात मात्र निरुपयोगी. थंडीत बंद डब्यात कोळशाची शेगडी पेटवू नये. तिचा विषारी वायू झोपेतच जीव घेतो.

गाडीच्या मूळ रचनेत फेरफार करायचा तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार आधी आरटीओची मंजुरी लागते. त्यामुळे सुताराकडे जाण्याआधी तिथे चौकशी करावी. कागदावर काहीही ठरले तरी गाडी चालू असताना मागे कोणी झोपू नये.

शेवटची परीक्षा फुकटात होते. हौद्याचे माप अंगणात खडूने आखा आणि घरातल्या सगळ्यांनी एक रात्र त्या चौकटीत काढा. दुसऱ्या दिवशी सकाळी बाजा किती हव्यात ते ठरवा. कदाचित एक बाज आणि बाहेर एक तंबू, एवढ्यावरच भागेल.