संगणकीय आलेखांचे चित्रमुद्रण : उपकरणांची निवड

दूरचित्रवाणीद्वारे शिक्षण ही संकल्पना भारताला नवी नाही. १९७५-७६ मधील उपग्रह शैक्षणिक प्रयोगाने, म्हणजेच 'साइट'ने, सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांपर्यंत कार्यक्रम पोहोचविले. २००४ मध्ये 'एज्युसॅट' अवकाशात सोडण्यात आला, २०१७ मध्ये 'स्वयंप्रभा' वाहिन्या सुरू झाल्या आणि २०२० मध्ये 'पीएम ई-विद्या' उपक्रम जाहीर झाला. २०२२-२३ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात 'एक वर्ग, एक वाहिनी' योजनेचा विस्तार १२ वाहिन्यांवरून २०० वाहिन्यांपर्यंत करण्याची घोषणा झाली.

अशा पाठांतील बराचसा आशय संगणकावर तयार केलेले आलेख, नकाशे व सचेत चित्रे यांतून व्यक्त होतो. आलेखाच्या अक्षावरील आकडे विद्यार्थ्याला वाचताच आले नाहीत, तर पाठ प्रसारित होऊनही शिक्षण होत नाही. शिकवणी किंवा वेगवान इंटरनेट ज्याच्या आवाक्यात नाही, त्याचे नुकसान सर्वाधिक होते. म्हणूनच चित्रमुद्रणाच्या उपकरणांची निवड हा केवळ तांत्रिक प्रश्न राहत नाही.

दोन भिन्न प्रणाली

संगणकाचा पडदा आणि दूरचित्रवाणी यांची जडणघडण वेगवेगळी आहे. भारतात १९८२ मध्ये रंगीत प्रसारण सुरू झाले, ते 'पाल' प्रणालीनुसार. या प्रणालीत एका चौकटीत ६२५ रेषा असून त्यांपैकी ५७६ रेषांवर प्रत्यक्ष चित्र असते. सेकंदाला २५ चौकटी दाखविल्या जातात. म्हणजे सेकंदाला १५,६२५ रेषा. प्रत्येक चौकट विषम व सम रेषांच्या दोन भागांत विभागून पाठविली जाते. याउलट, १९८७ मध्ये आलेल्या 'व्हीजीए' मानकात ४८० दृश्य रेषांचे संपूर्ण चित्र सेकंदाला सुमारे ६० वेळा उमटत असे आणि रेषांची वारंवारता 'पाल'च्या जवळपास दुप्पट होती. त्यामुळे संगणकाची तार थेट चित्रमुद्रकाला जोडून भागत नसे.

या दोहोंमधील दुवा म्हणजे 'स्कॅन कन्व्हर्टर' हे उपकरण. एकाच रेषेच्या जाडीची आडवी रेघ 'पाल'मध्ये सेकंदाला केवळ २५ वेळा उजळते व लुकलुकते. चांगल्या कन्व्हर्टरमधील गाळणी ही लुकलुक कमी करी, परंतु त्यासाठी चित्राची थोडी तीक्ष्णता गमवावी लागे. सचेतपटासाठी दुसरा मार्ग होता तो एकेक चौकट फितीवर स्वतंत्रपणे मुद्रित करण्याचा. एका मिनिटात १,५०० चौकटी येतात. प्रत्येकीस अर्धा मिनिट लागतो असे धरले, तरी एका मिनिटाच्या दृश्यास साडेबारा तास लागतील.

आजचे पर्याय

आज प्रामुख्याने तीन पर्याय उपलब्ध आहेत. पहिला, सचेतपट संगणकावरूनच थेट चित्रफितीच्या संचिकेत उतरविणे. पूर्वनियोजित आलेख व नकाशांसाठी हाच मार्ग उत्तम. त्यात वेगळे मुद्रण-उपकरण लागत नाही. दुसरा, पडद्याचे मुद्रण करणारी आज्ञावली. 'ओबीएस स्टुडिओ'सारखी मुक्तस्रोत आज्ञावली विनामूल्य मिळते. मात्र मुद्रणाचा भार त्याच संगणकावर पडतो व तो क्षीण असल्यास चौकटी गळतात. तिसरा, 'कॅप्चर कार्ड' अथवा स्वतंत्र मुद्रक. थेट व्याख्यान, अनेक कॅमेरे किंवा जड आज्ञावली असल्यास हा खर्च सार्थ ठरतो.

निवडीचे निकष

(१) माहितीचा वेग : १९२० × १०८० बिंदूंचे २४ बिटी रंगीत चित्र सेकंदाला २५ वेळा घेतल्यास सेकंदाला सुमारे १५५ मेगाबाइट, म्हणजेच १.२४ गिगाबिट माहिती निर्माण होते. 'यूएसबी २.०'ची कमाल मर्यादा ४८० मेगाबिट असल्याने ती असंक्षेपित स्वरूपात वाहून नेणे अशक्य आहे. असंक्षेपित मुद्रणाच्या एका तासास सुमारे ५६० गिगाबाइट साठा लागेल. त्यामुळे जोडणी, संक्षेपण व साठवण यांचा विचार एकत्रितपणे करावा लागतो.

(२) रंगांची हाताळणी : प्रचलित '४:२:०' पद्धतीत चार बिंदूंमागे रंगाची एकच नोंद ठेवली जाते. निसर्गदृश्यात ही काटकसर जाणवत नाही, पण निळ्या पार्श्वभूमीवरील बारीक लाल अक्षरे फिसकटतात. मूळ मुद्रण शक्यतो '४:४:४' किंवा '४:२:२' पद्धतीचे असावे. शिवाय संगणकाची ० ते २५५ ही रंगमर्यादा चित्रफितीच्या १६ ते २३५ या मर्यादेत योग्य रीतीने रूपांतरित व्हावी.

(३) चौकटींची गती : संगणकाचे ६० चे आवर्तन २५ चौकटींत समान विभागले जात नाही व हालचालींत झटके दिसतात. संगणक ५० आवर्तनांवर चालविता येत असल्यास हा दोष टळतो. गती स्थिर ठेवल्यास संपादनात आवाज व चित्र यांचा मेळ टिकविणे सोपे जाते.

(४) एकूण खर्च : केवळ खरेदीची किंमत न पाहता साठवण, देखभाल, प्रशिक्षण व सुटे भाग यांचाही हिशेब करावा. सार्वजनिक संस्थांनी निविदेत उत्पादनाचे नाव न घालता अपेक्षित कार्यक्षमता नमूद केल्यास स्पर्धा निकोप राहते.

उपकरणापलीकडील दक्षता

उत्तम उपकरणही सदोष आराखड्याला वाचवू शकत नाही. अनेक दूरचित्रवाणी संच चित्राच्या कडा कापून दाखवितात. म्हणून मजकूर चारही बाजूंनी सुमारे १० टक्के जागा सोडून ठेवण्याचा जुना संकेत आजही उपयुक्त आहे. रेघा जाड, अक्षरे मोठी आणि रंग सौम्य असावेत. खरेदीपूर्वी त्या उपकरणावर एक नमुना पाठ मुद्रित करून, तो लहान व जुन्या दूरचित्रवाणी संचावर नेहमीच्या अंतरावरून पाहावा. निर्मितीकक्षातील महागड्या पडद्यावर सर्वच सुस्पष्ट दिसते.

सारांश, कोणते उपकरण सर्वांत आधुनिक, यापेक्षा आपला पाठ कोठे, कोणत्या संचावर व कोणाकडून पाहिला जाणार, हा प्रश्न आधी विचारला पाहिजे. शेवटच्या बाकावरील विद्यार्थ्याला आलेखातील आकडा वाचता आला, तरच त्या निवडीवर झालेला सार्वजनिक खर्च सत्कारणी लागला असे म्हणता येईल.