कुंडीतले विष, कुंपणावरचे विष

डिफेनबेकियाचे पान चावले तर लहान मूल मिनिटभरात दगावते, असा निरोप गेली कित्येक वर्षे मोबाइलवर फिरतो आहे. वनस्पतिशास्त्राची पदवी माझ्याकडे नाही. झाडांची कुळे ताडून पाहण्याची सवय मात्र आहे, आणि या निरोपाचे उत्तर कुळातच सापडते.

डिफेनबेकिया अळूच्या कुळातला. मनी प्लांट, मॉन्स्टेरा आणि नावापुरती लिली असलेली पीस लिली हीसुद्धा त्याच घरातली. कच्चे अळू किंवा खाजरा सुरण जिभेला लागला की जी आग होते तीच इथे होते, फक्त अधिक जोराची. पेशींत कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुईसारख्या स्फटिकांच्या जुड्या असतात. पान चावताच त्या तोंडात रुततात. ओठ-जीभ सुजते, लाळ गळते, कधी काही काळ बोलताही येत नाही. पण या आगीमुळेच दुसरा घास सहसा कोणी घेत नाही. तोंड पुसून, चूळ भरायला लावून थंड दूध द्यावे. घसा सुजून श्वास अडणे क्वचित घडते. तसे वाटले तर मात्र थेट रुग्णालय. आपल्या आज्या अळूला चिंच लावून ते नीट शिजवत, त्यामागे हीच खाज होती.

पॉइनसेटियाची बदनामी तर निव्वळ ऐकीव. १९१९ साली हवाई बेटांवर एका लष्करी अधिकाऱ्याचे मूल त्याचे पान खाऊन गेले, अशी कथा पसरली. तिला पुरावा कधीच मिळाला नाही. १९९६ मध्ये अमेरिकेतल्या विषबाधा केंद्रांकडच्या २२,७९३ नोंदी तपासल्या गेल्या. त्यांत एकही मृत्यू नव्हता, आणि नव्वद टक्क्यांहून अधिक जणांना काहीही झाले नव्हते. कुंपणाच्या शेराचा हा भाऊबंद. शेराचा चीक डोळ्यांत गेला तर काय होते, हे शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. पॉइनसेटियाचा चीक त्या मानाने फारच सौम्य.

आता बिट्टी, म्हणजे पिवळी कण्हेर. देवळाच्या आवारात ती असते, फुले शंकराला वाहतात, बियांनी आम्ही लहानपणी खेळलो. तिच्याबद्दल कसलाही निरोप फिरत नाही. वास्तविक बी, पान, चीक सगळेच विषारी आहे, आणि हे विष थेट हृदयाचे ठोके बिघडवते. गुलाबी-पांढऱ्या कण्हेरीचेही तेच. तिची पाने वाळली तरी विष टिकते. महामार्गांच्या दुभाजकांवर ती लावतात, कारण गुरे तिला तोंड लावत नाहीत. डिजॉक्सिन या हृदयाच्या औषधावरचे प्रतिविष बिट्टीच्या विषबाधेत उपयोगी पडते, हे श्रीलंकेतल्या चाचणीने २००० साली दाखवले. पण ते महाग आहे.

बिट्टी किंवा कण्हेर पोटात गेल्याची शंका आली तर उलटी होण्याची वाट पाहू नये, घरगुती उपायही करू नयेत. मुलाला ताबडतोब रुग्णालयात न्यावे आणि जाताना त्या झाडाची डहाळी सोबत घ्यावी.