अकरावी मागणी आणि कारंज्याची तार

14 ऑक्टोबर 2017 रोजी वर्धा जिल्ह्यातल्या कारंजा तालुक्यात, सिंदीविहिरीच्या शिवारात एक वाघीण मेलेली सापडली. ब्रह्मपुरीच्या जंगलातून पकडून जुलैच्या अखेरीस तिला बोर व्याघ्र प्रकल्पात सोडलं होतं. माणसं मारल्याचा ठपका तिच्यावर होता आणि तिला ठार करण्याचा आदेश निघाला होता. वन्यजीवप्रेमी न्यायालयात गेले, पण उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं आदेश कायम ठेवला. नेमबाज आले, पथकं फिरली, तिच्या गळ्यातल्या रेडिओ कॉलरचा माग काढत माणसं रात्ररात्र हिंडली. सरकारी शिक्क्यानिशी दिलेली बंदूक तिच्या मागावर होती. शेवटी ती मेली ती एका शेताच्या धुऱ्यावर, रानडुकरांसाठी सोडलेल्या विजेच्या तारेला लागून.

आत्मसंरक्षणासाठी माणसाच्या हाती बंदूक असावी की नसावी, हा वाद जगभर चालतो. अमेरिकेत तो घटनेतल्या दुसऱ्या दुरुस्तीपासून सुरू होतो आणि विमानाच्या कॉकपिटपर्यंत पोचतो. आपल्याकडे तो वर्ध्यासारख्या जिल्ह्यात तुरीच्या आणि हरभऱ्याच्या शेतात उभा आहे. मात्र वाद घालणारे बहुतेक जण एकच प्रश्न विचारतात: बंदूक द्यायची की नाही? सिंदीविहिरीच्या त्या तारेनं मला दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा वाटू लागला. जीव घेऊ शकणारी वस्तू कुणाच्याही हाती असो, तिच्यावर ताबा कुणाचा आणि तिचा जाब कोण विचारणार?

हा प्रश्न नवा नाही. सेवाग्रामला राहायला येण्याच्या सहा वर्षं आधी गांधीजींनीच तो मांडला होता. 30 जानेवारी 1930 च्या 'यंग इंडिया'त त्यांनी व्हाइसरॉय आयर्विनपुढे अकरा मागण्या ठेवल्या. मिठावरचा कर रद्द करा, शेतसारा निम्मा करा, दारूबंदी करा, या मागण्या शाळेतल्या पुस्तकांतून सगळ्यांना माहीत असतात. अकरावी मागणी फारशी कुणी सांगत नाही. आत्मसंरक्षणासाठी बंदुकीचे परवाने द्या, पण त्यावर जनतेचं नियंत्रण असू द्या, अशी ती होती. अहिंसेचा आग्रह धरणाऱ्या माणसानं हे मागावं याचं आश्चर्य वाटतं, पण त्यामागे इतिहास आहे. 1857 नंतर इंग्रजांनी देश निःशस्त्र करायला घेतला आणि 1878 मध्ये लॉर्ड लिटनच्या कारकिर्दीत शस्त्र कायदा आला. हिंदी माणसाला परवाना लागे, युरोपियनांना सूट होती. आपल्याच देशात आपल्यावर विश्वास नाही, हा त्यातला अपमान गांधीजींना सलत होता. आत्मचरित्रातही त्यांनी या कायद्याला इंग्रजांच्या सर्वांत काळ्या कृत्यांमध्ये जागा दिली आहे. अमेरिकेतले बंदूकसमर्थक तेवढंच वाक्य उचलतात आणि गांधी आपल्या बाजूचे असल्याचं सांगतात. ते वाक्य 1918 मध्ये खेडा जिल्ह्यात सैन्यभरतीसाठी काढलेल्या पत्रकातलं होतं, हे सांगायचं राहून जातं. अकराव्या मागणीचा उत्तरार्धही तसाच गळतो.

1931 च्या कराची अधिवेशनात काँग्रेसनं मूलभूत हक्कांचा जो ठराव केला, त्यात नियमांच्या चौकटीत शस्त्र बाळगण्याचा हक्कही होता. संविधान सभेत डिसेंबर 1948 मध्ये हरि विष्णु कामत यांनी तोच हक्क मूलभूत हक्कांत घालण्याची दुरुस्ती मांडली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तिला विरोध केला. स्वतंत्र देशात नागरिकाच्या शस्त्र बाळगण्याच्या हक्कापेक्षा, वेळ आल्यावर देशासाठी शस्त्र उचलण्याचं कर्तव्य महत्त्वाचं आहे, असा त्यांचा मुद्दा होता. दुरुस्ती फेटाळली गेली. आज संविधानात शस्त्राचा उल्लेख आहे तो उलट बाजूनं: एकोणिसाव्या अनुच्छेदात नागरिकाला एकत्र जमण्याचा हक्क आहे, शांततेनं आणि विनाशस्त्र.

म्हणून आपल्याकडे बंदूक हा हक्क नाही. 1959 च्या शस्त्र कायद्यानं ती परवान्याची गोष्ट केली. ग्रामीण भागात परवाना देणारा अधिकारी म्हणजे जिल्हाधिकारी. अर्ज करायचा, कारण लिहायचं, मग पोलिसांचा अहवाल, चारित्र्य पडताळणी, 2016 च्या नियमांनुसार शस्त्र हाताळण्याचं प्रशिक्षण आणि घरात ते सुरक्षित ठेवण्याची सोय. 2019 च्या दुरुस्तीनं एका माणसाकडच्या शस्त्रांची मर्यादा तीनवरून दोनवर आणली, परवान्याची मुदत तीन वर्षांवरून पाच केली आणि लग्नाच्या वरातीत आनंदानं गोळीबार करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंतच्या शिक्षेची तरतूद केली. निवडणूक लागली की बहुतेक परवानाधारकांना बंदूक ठाण्यात जमा करावी लागते.

परवान्याबद्दल एक गैरसमज मात्र सर्रास आढळतो. परवाना बंदूक बाळगायला मिळतो, माणसावर झाडायला मिळत नाही. झाडण्याचं समर्थन कायद्यात वेगळ्या जागी आहे. पूर्वी ते भारतीय दंड संहितेच्या कलम 96 ते 106 मध्ये होतं, 1 जुलै 2024 पासून ते भारतीय न्याय संहितेच्या कलम 34 ते 44 मध्ये आहे. धोका डोळ्यांसमोर हवा, पोलिसांकडे धाव घ्यायला वेळ नसावा आणि धोक्यापेक्षा जास्त इजा करता येत नाही. मालमत्तेसाठी जीव घेण्याची मुभा दरोडा, रात्रीची घरफोडी, राहत्या घराला लावलेली आग अशा मोजक्याच प्रसंगी आहे. शेतातून कापूस चोरून नेणाऱ्यावर गोळी झाडली, तर बाजू मांडायला कायद्यात फारशी जागा उरत नाही.

शेतीसाठी याच कायद्यानं वेगळी वाट ठेवली आहे. तेराव्या कलमात म्हटलं आहे की पिकाच्या खऱ्याखुऱ्या रक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना देता येतो. गावात हिला भरमार म्हणतात. नळीतून दारू ओतायची, वरून छर्रे घालायचे, गजानं ठासायचं आणि मग एक बार काढायचा. दुसरा बार काढायचा तर हे सगळं पुन्हा करायचं, तेही अंधारात, थंडीनं बोटं आखडलेली असताना. एवढ्या वेळात डुकरांचा कळप शेजारच्या वावरात पोचलेला असतो. तरीही ही बंदूक शेतकरी मागतात, कारण तिच्या आवाजाचा धाक दोन दिवस टिकतो.

कारंजा, आष्टी, सेलू भागात जंगलाला लागून वावर असलेल्या शेतकऱ्याची रात्र पाहिली, तर ही मागणी कळते. तूर शेंगांनी भरली की जागल सुरू होते. माळ्यावर किंवा धुऱ्यावरच्या खाटेवर, हातात टॉर्च, जवळ डबा वाजवायला काठी आणि फटाक्यांची लड. धुऱ्यावर जुन्या लुगड्यांचं कुंपण, माणसाच्या वासानं जनावर बुजावं म्हणून. रोही आले तर उभं पीक तुडवून जातात, डुकरं आली तर मुळासकट उकरतात. सोयाबीनच्या पेरणीत ती ओळीनं बी खात जातात, सकाळी कुणी तिफण उलटी चालवली असावी असं शेत दिसतं. त्यात शेतीपंपाची वीज पाळीनं येते आणि पाळी रात्रीची असली, तर ओलितासाठी अंधारात शेतात जावंच लागतं. त्याच अंधारात बिबट्या असतो, कधी वाघही असतो.

पिकं वाचवायला जनावर मारणं गांधीजींना मान्य होतं का? 1946 मध्ये देशात धान्याची टंचाई असताना त्यांनी 'हरिजन'मध्ये यावर स्पष्ट लिहिलं. अहिंसेच्या नावाखाली जनावरांना पीक खाऊ देणं आणि माणसांनी उपाशी राहणं, हे त्यांना पाप वाटत होतं. आज जंगली डुक्कर मारल्याबद्दल शेतकऱ्याकडे पापी म्हणून पाहणाऱ्या शहरी वाचकाला हे ठाऊक असावं, असं मला मनापासून वाटतं. वन्यजीव संरक्षण कायद्यातही अकराव्या कलमात उभ्या पिकाला धोका झालेलं रानडुक्कर किंवा रोही परवानगीनं मारण्याची सोय आहे. राज्य सरकारनं 2015 मध्ये त्या परवानगीची पद्धत सोपी करण्याचा प्रयत्न केला. पण परवानगीचा कागद हाती आला तरी मारणार कशानं? परवान्याची बंदूक असलेला माणूस जवळपास सापडत नाही आणि अर्ज केलेल्याचा कागद टेबलावरून टेबलावर फिरत राहतो.

मग तार येते. जवळून गेलेल्या वाहिनीवर आकडा टाकायचा आणि उघडी तार गुडघ्याएवढ्या उंचीवर शेताभोवती फिरवायची. बाजारात मिळणारं झटका मशीन वेगळं असतं. ते साधारण सेकंदाला एक, क्षणाच्याही छोट्या अंशाचा झटका देतं. जनावर दचकून मागं सरतं आणि जिवंत राहतं. आकड्याच्या तारेत प्रवाह अखंड असतो, चिकटलेलं जनावर सुटत नाही. ती डुक्कर आणि वाघीण यांत फरक करत नाही, रात्री मोटार लावायला निघालेला शेजारी ओळखत नाही. विदर्भात अशा तारांना लागून स्वतः शेतकरीही मेले आहेत. बंदूक किमान एका माणसाच्या बोटाची वाट पाहते, तार कुणाचीच पाहत नाही. तिचा परवाना कुणी देत नाही, तिची नोंद कुठल्या ठाण्यात नसते, निवडणुकीत ती जमा होत नाही. बंदुकीचा अर्ज अडवून आपण हिंसा अडवली असं प्रशासनाला वाटत असेल, तर ती हिंसा हिशेबाबाहेर गेली आहे एवढंच घडलं आहे.

दुसऱ्या टोकाला बीड आहे. डिसेंबर 2024 मध्ये मस्साजोगच्या सरपंचांची हत्या झाली आणि त्यानंतर जिल्ह्यात हजाराहून अधिक शस्त्रपरवाने असल्याचं बाहेर आलं. कमरेला पिस्तूल लावून फिरणाऱ्यांची छायाचित्रं आणि चित्रफिती राज्यभर गाजल्या, मग प्रशासनानं अनेक परवाने रद्द केले. एकाच राज्यात, एकाच कायद्याखाली, ज्याच्या पिकावर रोज रात्री धाड पडते त्याला भरमार मिळू नये आणि ज्याला दहशत मिरवायची आहे त्याला पिस्तूल मिळावं, हे संतापजनक आहे.

म्हणून सगळ्यांना बंदुका वाटाव्यात, असं मी म्हणणार नाही. रात्री तुरीत काहीतरी हललं आणि गोळी झाडली, तर हलणारं काय होतं हे सकाळी कळतं. पालघर जिल्ह्यात 2025 च्या सुरुवातीला शिकारीला गेलेल्यांनी रानडुक्कर समजून आपल्याच सोबत्यावर गोळी झाडली आणि तो गेला. शस्त्र हाती आलं की माणसाचा भरवसा वाढतो, नजर वाढत नाही.

विमानातल्या वादानं हेच शिकवलं आहे. 11 सप्टेंबर 2001 नंतर अमेरिकेत वैमानिकांना पिस्तूल द्यावं अशी मागणी जोरात झाली. 2002 मध्ये कायदा झाला आणि 2003 च्या एप्रिलपासून प्रशिक्षित वैमानिक पिस्तूल घेऊन उडू लागले. निवड, प्रशिक्षण, पुन्हा पुन्हा नेमबाजीची चाचणी, आणि कॉकपिटबाहेर पडताना पिस्तूल कुलूपबंद, असे कडक नियम होते. कुलपाची कडी पिस्तुलाच्या चापाजवळून जाई. मार्च 2008 मध्ये डेन्व्हरहून शार्लटला निघालेल्या विमानात उतरण्यापूर्वी वैमानिक पिस्तूल आवरत असताना त्या कुलपानंच चाप दाबला गेला आणि गोळी विमानाच्या पत्र्यातून आरपार गेली. सुदैवानं कुणाला इजा झाली नाही. वापरातला धोका टाळायला बसवलेलं कुलूपच तिथं धोका ठरलं.

विमानांना खरी सुरक्षा दिली ती दारानं. 2003 च्या अखेरीपर्यंत मोठ्या प्रवासी विमानांना गोळी अडवणारं कॉकपिटचं दार बसवणं आंतरराष्ट्रीय नियमानं सक्तीचं झालं. अर्थात दारालाही किंमत असते. मार्च 2015 मध्ये जर्मनविंग्जच्या सहवैमानिकानं तेच दार आतून बंद करून विमान आल्प्सच्या डोंगरावर आदळवलं.

आपल्या अपहरणांचा इतिहासही पाहण्यासारखा आहे. 30 जानेवारी 1971 रोजी श्रीनगरहून निघालेलं 'गंगा' विमान लाहोरला नेणाऱ्यांच्या हातातलं पिस्तूल खेळण्यातलं होतं. 1986 मध्ये मुंबईहून निघालेलं पॅन ॲमचं विमान कराचीत ताब्यात घेतलं गेलं, तेव्हा नीरजा भनोत आणि तिच्या सहकाऱ्यांनी इशारा दिला आणि वैमानिक वरच्या झडपेतून निसटले. वैमानिकच नसल्यामुळे विमान उडू शकलं नाही. त्या दिवशी वैमानिकांकडे पिस्तूल असतं तर ते कदाचित थांबून लढले असते आणि विमान अपहरणकर्त्यांना हवं तिथं गेलं असतं. 1999 मध्ये आयसी-814 कंदहारला गेल्यानंतर आपण वैमानिकाच्या हाती शस्त्र दिलं नाही. निवडक उड्डाणांवर राष्ट्रीय सुरक्षा दलाचे साध्या वेशातले जवान बसवले. चालवणारा वेगळा आणि शस्त्र सांभाळणारा वेगळा, ही विभागणी मला शहाणपणाची वाटते.

तीच विभागणी वर्ध्याच्या शिवारात का करू नये? पीक राखणारा शेतकरी आणि गोळी झाडणारा हात वेगळा ठेवता येईल. दर काही गावांमागे वनविभागानं निवडलेली, प्रशिक्षण दिलेली, परवान्याची बंदूक असलेली चार-पाच माणसांची तुकडी असावी. त्यांच्यासोबत वनरक्षक हवा. किती काडतुसं दिली, किती वापरली, काय मारलं, याची नोंद ग्रामसभेत वाचून दाखवावी. तालुक्यात कुणाकुणाला कोणत्या कारणासाठी परवाना आहे, ती यादी ग्रामपंचायतीच्या फलकावर लागली तर बीडसारखे परवाने लपून राहणार नाहीत. अकराव्या मागणीतल्या जनतेच्या नियंत्रणाचा आज हाच अर्थ होऊ शकतो.

बंदुकीच्या आधीची कामंही आहेत आणि त्यात पैसा लागतो. सौर कुंपणासाठी जन-वन विकास योजनेतून अनुदान मिळतं, पण एकट्या शेताला कुंपण घातलं की डुकरं शेजारच्या शेतात शिरतात. अख्ख्या शिवाराला एकत्र कुंपण घातलं तरच ते टिकतं. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेनं शेतीला दिवसा वीज देण्याचं आश्वासन दिलं आहे. जंगलाला लागून असलेल्या वाहिन्यांना त्यात पहिला क्रमांक मिळाला पाहिजे, म्हणजे ओलितासाठी अंधारात जाणं थांबेल आणि आकडा टाकायला रात्री प्रवाहही राहणार नाही.

सिंदीविहिरीसारखी घटना घडली की तार लावणाऱ्यावर गुन्हा दाखल होतो, आणि तो व्हायलाच हवा. त्या गुन्ह्याच्या कागदांसोबत आणखी एक कागद जोडला जावा, अशी माझी मागणी आहे: त्या शेतकऱ्यानं नुकसानभरपाईसाठी, कुंपणासाठी, डुकरं मारण्याच्या परवानगीसाठी किंवा बंदुकीसाठी पूर्वी केलेले अर्ज, त्यांच्या तारखा आणि प्रत्येक अर्जावर कुणी काय शेरा मारला ते.